एकवीस करंड्या

आमच्या घरात आंबे मोजायचे ते पाचापाचांनी. एका हातात दोन, दुसऱ्या हातात तीन, असे एकदम उचलून पेंढ्यावर ठेवायचे आणि तोंडाने आकडा म्हणायचा. पहिल्या पाचाला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ, दोन, तीन असं करत वीस पाचे झाले की शंभर भरले, पण हात तिथे थांबत नसे. वर आणखी एक पाचा जाई, आणि तो कुणी मोजत नसे. वाटेत दोन दबणार, एखादा किडका निघणार, एखादा व्यापाऱ्याचं पोर उचलणार. घेणाऱ्याच्या हातात शंभर म्हणजे शंभर पडले पाहिजेत. “आपल्या घरातून उनं जाता कामा नय,” असं आबा, म्हणजे माझे वडील, म्हणत. चारशे आंबे धाडायचे म्हणजे चारशेवीस धाडायचे, हे आमच्या दहिवली गावात लहान पोरालाही सांगावं लागत नसे. गवताच्या पेंढ्यांचंही तसंच. शंभराला पाच वर, आणि त्या वरच्या पाचांबद्दल बोलायचं नाही.

मोजायचं काम माझ्या आतेबहिणीकडे असे. आत्याचा नवरा लवकर वारला, तेव्हापासून आत्या आणि तिची चंद्रा आमच्याच घरी होत्या. चंद्री माझ्याहून एक वर्षाने मोठी. रंगाने सावळी, दात थोडे पुढे, आणि बोलायला सुरुवात केली की दोन शब्दांत आटोपणारी. पण आकडा म्हटला की तिचे डोळे वेगळेच होत. लावणीच्या दिवसांत आबा बांधावर उभे राहून विचारत, “चंद्रे, ह्या खाचराला किती मुठी लागतील गं?” ती बांधावरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाई आणि म्हणे, “दीडशेला दोन कमी.” रोपांच्या मुठी टाकून झाल्या की खरंच तेवढ्याच लागलेल्या असत. मी त्याच बांधावर उभी असे आणि मला नुसता चिखल दिसे. आबांना याचं फार कौतुक होतं. माझं कौतुक होतं ते वाचण्याचं, कारण मी पोथी न अडखळता वाचत असे. पण पोथी वर्षातून एकदा आणि मुठी रोज, तेव्हा घरात भाव कुणाला होता ते उघड आहे.

घर नदीच्या अंगाला होतं. पहाटे आयची भाकरी थापण्याची आणि आत्याच्या उखळाची थापथाप एकमेकींना उत्तर दिल्यासारखी चाले. घाट चढणाऱ्या मालगाडीला कर्जत स्टेशनात मागून इंजिन जोडत, त्याचा दणका नदीवरून आमच्या ओटीपर्यंत येई. लढाईचे दिवस होते, गाड्यांना खळ नव्हता. साखर नव्हती, रॉकेल मिळायचं नाही, चहात गूळ पडे आणि तो गूळही मोजून. पण वालाचं बिरडं होतं, सुकटीचं कालवण होतं, आणि चैत्र सरत आला की फणसाच्या आठळ्या चुलीत भाजल्या जात. मी आणि चंद्री एकाच ताटात जेवायचो. ती कडेची भाकरी मला सारायची, कारण मला कुरकुरीत आवडे. हे लिहिताना हात थांबतो. ज्या मुलीने मला वर्षानुवर्षं आपल्या वाटची कड दिली, तिच्याबद्दल मला पुढचं लिहायचं आहे.

कर्जतच्या मराठी शाळेत सातवीच्या वर्गात आम्ही मिळून अकरा जण, त्यांत मुली दोन. बाकीची मुलं रेल्वेतल्या बाबूंची आणि बाजारपेठेतल्या दुकानदारांची. शेतकऱ्यांची पोरं चौथीनंतर गळून जात. आम्ही दोघी टिकलो होतो ते आबांच्या हट्टामुळे. मास्तर घाटावरचे, नवीनच बदलून आलेले. त्यांना आमचं ‘हाय-नाय’ ऐकून हसू येई, पण माणूस मायेचा होता. पावकी, निमकी, दिडकी, औटकी ते आमच्याकडून वर्गात मोठ्याने म्हणून घेत आणि मग मध्येच एखाद्याला उठवत. “साडेतीन साडेसहा?” मुलं छताकडे बघत. चंद्री बसल्या जागेवरून म्हणे, “पावणेतेवीस.” मास्तर एकदा आबांना म्हणाले होते, “ही पोरगी चुलीपाशी बसली तर पाप लागेल हो आपल्याला.” मी शेजारीच उभी होते. मास्तर माझ्याबद्दलही काहीतरी बोलले असतील, पण ते मला आठवत नाही.

सकाळची शाळा सुरू झाली होती तेव्हा मुंबईहून एक गृहस्थ आले. शिक्षकांना शिकवण्याच्या कॉलेजात होते म्हणे. उन्हाळ्यातही कोट, हातात पत्र्याची पेटी, आणि खिशात एक घड्याळ, जे बटण दाबलं की चाले आणि दाबलं की थांबे. आम्ही त्यांना लगेच ‘घड्याळवाले गुरुजी’ करून टाकलं. त्यांनी वर्गाला समजावलं की ही परीक्षा नाही, हिच्यात पास-नापास नाही. कुणाचं डोकं आकड्यांकडे किती वळतं तेवढं मोजायचं. मानसशास्त्राची कसोटी आहे, विलायतेत तयार झालेली, आणि ते ती आपल्या मुलांसाठी मराठीत आणत होते. मास्तरांना ते मोठ्या उत्साहाने सांगत होते, “मूळ कागदात सगळीकडे सफरचंदं होती. खेड्यातल्या मुलांनी सफरचंद कुठे पाहिलंय? मी सगळीकडे आंबे घातले, गवत घातलं.” सांगताना चेहरा खुलला होता त्यांचा. भला माणूस होता, हे मी आजही म्हणेन.

घरी आबांनी ऐकलं आणि मिशीत हसले. “डोकं मोजनार? पायलीनं का शेरानं?” आय म्हणाली, “तुमचं मोजायला चिपटं पुरंल.” सगळे हसले, आत्यासुद्धा. पण मग आबांनी पुढची गोष्ट सांगितली, ती मास्तरांनी त्यांच्या कानावर घातली होती. पुण्यात मुलींचं एक वसतिगृह होतं, राहणं, जेवणं, हायस्कूल सगळं फुकट. या गुरुजींच्या शब्दावर ते आपल्या तालुक्यातली एक मुलगी घेणार होते. एकच. “दोघीतली येक जाईल,” आबा म्हणाले, “आन जी जाईल ती जाईल. मागं राह्यली तिनं रडायचं नाय.” चंद्री ताटातल्या भातात रेघा काढत होती. ती हळूच म्हणाली, “मामा, तिथं गनितं रोज असतील ना?” तिला पुणं नको होतं, हॉस्टेल नको होतं, तिला रोज गणितं हवी होती. मला काय हवं होतं? मला इथून जायचं होतं. शेणाच्या पाट्या, भाताची झोडणी आणि मग पंधराव्या वर्षी कुणाच्या तरी घरी पुन्हा तेच, यातून मला सुटायचं होतं. हे वाईट नव्हतं. अजूनही मला ते वाईट वाटत नाही.

कसोटीच्या दिवशी गुरुजींनी प्रत्येकाला छापील कागद दिला, पालथा. घड्याळ हातात धरून म्हणाले, “शाळेतलं गणित आहे असं समजू नका. तुमच्या घरी, तुमच्या अंगणात हे घडतंय असं समजा आणि सोडवा.” आणि बटण दाबलं. पहिलंच गणित मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे. ‘व्यापाऱ्याला चारशे आंबे पाठवायचे आहेत. एका करंडीत वीस आंबे मावतात. करंड्या किती लागतील?’ माझी पेन्सिल क्षणभर अडखळली. अंगणातले वरचे पाचे डोळ्यांपुढे आले. मग मनात म्हटलं, या कोटवाल्याला वरचे पाचे कुठले माहीत! आणि मी वीस लिहिलं. दुसरं गवताच्या पेंढ्यांचं, तीनशे पेंढ्या, भाऱ्यात पंधरा, तिथेही वीस. पहिली चारही तसलीच होती, कुणीतरी कुणाला तरी शेकड्याने काहीतरी धाडत होतं. पुढे मग नुसते आकडे, एकापुढे एक, शेवटची जागा रिकामी. तिथे मला घाम फुटला. शेजारी चंद्रीची पेन्सिल मात्र खाली जायची थांबत नव्हती. घड्याळ थांबलं तेव्हा माझी नऊ गणितं राहिली होती. ती केव्हाच हातांची घडी घालून बसली होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तरांनी मला एकटीला थांबवलं. चंद्री म्हशी घेऊन नदीवर गेली होती. गुरुजी व्हरांड्यात बाकावर बसले होते, पेटी बांधून तयार, दोनच्या गाडीने निघायचं होतं. त्यांच्या मांडीवर दोन कागद होते. एक माझा, एक तिचा.

“तुम्ही दोघी एकाच घरात राहता ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग मला एक सांग. तुझ्या बहिणीनं ही शेवटची, अवघड गणितं सगळी बरोबर सोडवली आहेत. सगळी. मुंबईतही मला असा कागद मिळाला नाही. आणि पहिली चार, जी दुसरीतलं पोर सोडवेल, ती चारही चुकली. चारशे आंबे, वीसची करंडी, आणि ही लिहिते एकवीस. तीनशे पेंढ्या, पंधराचा भारा, तिथेही एकवीस. असं का?”

मी कागदाकडे पाहिलं. तिचे ते बारके, उजवीकडे कललेले आकडे. एकवीस. मला कळायला एवढासाही वेळ लागला नाही. चारशेवीस आंबे, एकवीस करंड्या. गुरुजींनी सांगितलं होतं, अंगणात घडतंय असं समजा. तिने त्यांचं ऐकलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

“नियम असा आहे,” गुरुजी सांगत होते, “की पहिली चारही चुकली तर पुढचं धरायचं नाही. नियम मोडून चालत नाही, मग कसोटीला अर्थ काय? पण काही कारण असेल, तिला बरं नव्हतं, काही समजलं नव्हतं, तर माझ्याजवळ दुसरा कागद आहे. मी आजची गाडी सोडीन. उद्या सकाळी तिला पुन्हा बसवू. तुला काही माहीत आहे का, बाळ?”

मास्तर दाराशी उभे होते. त्यांनाही खूप वाटत होतं की मी काहीतरी बोलावं. ते माझ्याकडे बघत होते. ते घाटावरचे, त्यांना आमचे वरचे पाचे ठाऊक नव्हते. त्या व्हरांड्यात ते ठाऊक असलेली मी एकटी होते. एक वाक्य बोलायचं होतं. ‘गुरुजी, आमच्याकडे शंभराला पाच वर देतात.’ बस, एवढंच. आणि मग उद्या ती पुन्हा बसेल, आणि परवा पुण्याला ती जाईल, आणि तिच्या वाटच्या शेणाच्या पाट्याही माझ्याकडे येतील, हे सगळं मला एका दमात दिसलं.

“घाई करते ती,” मी म्हणाले. “घरीपण तसंच करते. डोकं चालतं, पण घाई करते.”

गुरुजींनी मान हलवली. त्यांना ते पटलं. हुशार मुलं घाई करतातच. त्यांनी चंद्रीच्या कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं, कागद पेटीत ठेवले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. स्टेशनपर्यंत त्यांची पिशवी मीच नेली. गाडी हलल्यावर त्यांनी खिडकीतून हात केला, आणि मीही केला.

पुढे मी गणिताचीच शिक्षिका झाले, हे ऐकून लोकांना छान वाटतं, म्हणून मी ते फारसं सांगत नाही. मोठ्या शाळेत होते, तेव्हा आमच्याकडेही असल्या कसोट्या येत. ते थांबणारं घड्याळ मीही हातात धरलं आहे. एखाद्या पोराची सोपी गणितं चुकली आणि अवघड बरोबर आली, की मी त्याला स्वतःला बोलावून विचारत असे, ‘कसं केलंस ते सांग’. त्याच्या शेजाऱ्याला कधी विचारलं नाही. सहकारी म्हणत, बाई फार चिकित्सक. आता ऐंशी ओलांडल्यावर वाटतं, त्या भल्या गुरुजींनी गाडी चुकवून नदीपर्यंत चालत जायला हवं होतं. पण हा दोष त्यांच्यावर ढकलताना माझी मलाच लाज वाटते. विचारणाऱ्याने चुकीच्या माणसाला विचारलं असेल, पण उत्तर माझं होतं.

निकालाचं पत्र आलं तेव्हा मास्तर स्वतः घरी आले. मला बोलावणं होतं. चंद्रीकडे वळून ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, “तुझं डोकं उत्तम आहे पोरी, पण घाई नडली. कसोटीत तसं स्पष्ट दिसलंय.” कुणी सांगितलं ते ते बोलले नाहीत. कदाचित त्यांनाही कसोटीतच दिसलं असं वाटत असेल. आत्याने पदराने तोंड पुसलं आणि मला जवळ घेतलं, म्हणाली, “जा गं बाय, येक तरी जाते हे काय थोडं हाय?” चंद्रीने मास्तरांना एवढंच विचारलं, “ते घड्याळ लावून बघतात, त्यात दिसतं का वो तसं?” मास्तर म्हणाले, “हो, त्यासाठीच असतं ते.” ती बरं म्हणाली आणि म्हशीला पाणी दाखवायला निघून गेली.

त्या हंगामात आंबे उतरले तेव्हा आबांनी नेहमीसारखी हाक मारली. ती आतून म्हणाली, “मामा, यंदा सुमीला मोजू द्या.” मी मोजले. लाभ, दोन, तीन. प्रत्येक शंभरावर पाच वर टाकताना ती दारात उभी राहून बघते आहे असं मला वाटत होतं, पण वळून पाहिलं तर दारात कुणी नव्हतं. जूनमध्ये मी पुण्याला गेले. मागे राहिलेलीने रडायचं नाही म्हणून ती रडली नाही, आणि तिच्या जागी मी रडले तेव्हा सगळ्यांना वाटलं, घर सुटतं म्हणून रडते.

दोन वर्षांनी तिला पळसदरीला दिलं. माणसं चांगली होती, भात खाऊन-पिऊन उरेल एवढी शेती होती. मी सुट्टीत जाई, ती भाकरीची कड अजूनही माझ्या ताटात सारी. तिला तीन मुलं झाली, मला शाळा मिळाली, आबा गेले, आत्या गेली. सांगायचं सांगायचं म्हणत मी चाळीस वर्षं काढली. दर वेळी काहीतरी कारण सापडे: तिचा मुलगा आजारी, माझी गाडी निघायची, आज सणाचा दिवस. शेवटी नोकरी संपायच्या आधीच्या उन्हाळ्यात एका सकाळी तिच्या पडवीत बसून मी सगळं सांगितलं. ती सुपात वाल निवडत होती. व्हरांडा, दोन कागद, एकवीस करंड्या, दुसऱ्या कागदाची गोष्ट, आणि मी जे बोलले ते.

तिचा हात थांबला नाही. निवडता निवडता ती म्हणाली, “म्हंजे एकवीस बरोबर होतं.”

“बरोबर होतं, चंद्रे.”

“आन घाई घड्याळात नवती दिसली.”

“नाही. मी बोलले होते.”

तेव्हा तिचा हात थांबला. मला वाटलं, आता ती पुण्याबद्दल बोलेल, वसतिगृहाबद्दल, माझ्या शाळेबद्दल. त्या सगळ्याची माझी तयारी होती. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने वर पाहिलं. राग नव्हता त्या डोळ्यांत, नुसता थकवा होता.

“शाळा ऱ्हायली ती ऱ्हायली गं,” ती म्हणाली. “पन मला वाटलं, माझं डोकंच तसलं. घाईचं. म्हनून मी सगळं दोनदा मोजलं, सुमे. दळायला दिलेलं दानं दोनदा. रोपाच्या मुठी दोनदा. पोरांचं औषधाचं थेंब दोनदा. येकदा तरी पहिल्या मोजनीला चूक निघंल म्हनून बघत ऱ्हायले.”

“निघाली का गं कधी?” मी विचारलं.

“नाय,” ती म्हणाली. “येकदापन नाय.”